विहिरीचा सीन

बुद्धभूषणचा सिनेमा लागला त्या शुक्रवारी पूर्णिमाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि अरिबाला जवळजवळ ओढतच हडपसरच्या मल्टिप्लेक्समध्ये नेलं. अरिबा ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची. कॅम्पात वाढलेली, तोंडाने फटकळ. मराठी सिनेमा म्हटलं की तिला जांभई यायची.

"मी एसीत झोपणारे हं," तिने आधीच सांगून टाकलं. "संपला की उठव."

पूर्णिमाला मात्र गेली दोन वर्षं या दिवसाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. बुद्धभूषण तिचा कॉलेजचा मित्र. परभणीकडून शिकायला आला तेव्हा त्याला राहायला जागा मिळेना, म्हणून मांजरीतल्या त्यांच्या जुन्या घराची माडी तिच्या वडिलांनी, आबांनी, त्याला दिली होती. कॉलेज संपेपर्यंत तो तिथेच राहिला, तिच्या आईच्या, सरूबाईंच्या हातची भाकरी खाऊन. आता त्याचा पहिला सिनेमा येत होता. गोष्ट काय आहे हे मात्र त्याने तिला एकदाही सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "बघशीलच की."

तो सांगेना, म्हणून पूर्णिमाने स्वतःच ती रचली. त्यात परभणीचा एसटी स्टँड होता, मुलाच्या हातातली पत्र्याची पेटी होती, मागे राहिलेली आई होती. सिनेमावर लिहायची तिला जुनी हौस. इंटरनेटवर तिचं एक पान होतं आणि तिची तिरकस वाक्यं लोक चवीने वाचायचे. या सिनेमाबद्दल काय लिहायचं, तेसुद्धा अर्धंमुर्धं मनात तयार होतं.

दिवे गेले. पडद्यावर एका नव्याकोऱ्या इमारतीची लॉबी दिसली. पांढरा लेंगा आणि टोपी घातलेला एक म्हातारा लिफ्टसमोर येऊन उभा राहिला. दार उघडलं. म्हाताऱ्याने पायातल्या वहाणा काढल्या, काखेत मारल्या, अनवाणी आत गेला आणि बटणांना हात जोडले.

थिएटर खो खो हसलं.

पूर्णिमाचा पॉपकॉर्नचा हात तोंडापाशीच थांबला. हे आबा होते. शेत बिल्डरला दिलं, त्यावर इमारती उठल्या आणि त्यातल्याच एकीत चौथ्या मजल्यावर राहायला गेले, त्या पहिल्या दिवशी तिच्या वडिलांनी, दत्तोबांनी, नेमकं हेच केलं होतं. लिफ्टमध्ये तेव्हा ती होती, आई होती आणि सामान वर न्यायला आलेला बुद्धभूषण होता.

मग एकामागून एक सगळंच येत गेलं. गेटवरचा वॉचमन म्हाताऱ्याला अडवतो, "कुणाकडे जायचंय काका?" आणि म्हातारा त्यालाच विचारतो, "तू कुणाचा रं?" इंटरकॉम कानापासून हातभर लांब धरून ओरडणं. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली की छताकडे बघून म्हणणं, "आयुष्यात पयल्यांदा डोक्यावर मानसं ऱ्हायला आली." प्रत्येक वाक्य आबांचं, शब्दन् शब्द. आणि प्रत्येक वाक्याला आजूबाजूचे लोक गुडघ्यावर थापा मारून हसत होते. शेजारी अरिबाही हसत होती. झोपबीप कुठल्या कुठे पळाली होती तिची.

मध्यंतरात पूर्णिमा जागेवरून उठली नाही. आपल्या घरात जेवून गेलेल्या माणसाने घरातला माणूस उचलून बाजारात मांडला, एवढं एकच तिच्या डोक्यात घुमत होतं.

उत्तरार्धात गोष्ट मागे गेली. इमारती उठायच्या आधीचं शेत, त्यातली विहीर. विहीर बुजवायचा दिवस. मुरमाचे डंपर येऊन उभे, आणि म्हातारा दोराला धरून विहिरीत उतरतो आणि वर यायचं नावच घेत नाही. छातीभर पाण्यात उभा राहून वरच्या आभाळाच्या गोल तुकड्याकडे बघत राहतो. सिनेमातल्या म्हाताऱ्याला बायको नव्हती, ती कधीच वारलेली. संध्याकाळ होते, व्हायोलिनं कोकलतात आणि म्हातारा आपला आपण दोर धरून वर येतो.

इथे पूर्णिमाने सुटकेचा श्वास सोडला. हे तरी आबांचं नव्हतं. ही थाप होती आणि तीही अगदी स्वस्तातली. चोरलेला माल संपल्यावर गड्याने पदरचं घातलं आणि तिथेच उघडा पडला, असं तिला वाटलं. जरा बरंही वाटलं.

बाहेर येऊन बघते तर अरिबाचं काजळ गालावर ओघळलेलं.

"तू रडलीस?" पूर्णिमाला खरं वाटेना.

"त्या विहिरीला," अरिबा नाक पुसत म्हणाली. "मला वाटलं कॉमेडी आहे. आणि मग एकदम... छे, काय पिक्चर आहे यार!"

"तोच तर सगळ्यात खोटा सीन आहे! बाकी सगळं आमच्या घरातून उचललंय आणि जे स्वतःचं घातलंय ते हे असलं."

दोघी चहाला बसल्या. पूर्णिमाने सगळं सांगितलं. अरिबाने ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला.

"राग येणारच तुला. माझ्या अब्बांना असं दाखवलं असतं तर मीही चिडले असते. पण एक सांगू? मी काहीच आशा न ठेवता आले होते, म्हणून मला घबाड मिळालं. तू घरून एक पिक्चर बघूनच आली होतीस. तो इथे लागलाच नव्हता, त्याला तो बिचारा काय करणार?"

"बिचारा म्हणू नकोस त्याला," पूर्णिमा म्हणाली. तिथेच ते बोलणं संपलं.

त्या संध्याकाळी तिने लिहिलं. घरचा उल्लेख केला नाही. तेवढं भान राहिलं. पण बाकी हात सोडूनच लिहिलं. 'विहिरीत उतरलेला बाप हा या सिनेमातला सगळ्यात खोटा माणूस आहे. अशी माणसं फक्त गारव्यात बसून पटकथा लिहिणाऱ्यांनाच भेटतात. माझ्या ओळखीचा एकही शेतकरी विहिरीला मिठी मारत बसलेला नाही.' लोकांना ती वाक्यं फार आवडली. एकाने उचललं, दुसऱ्याने पुढे पाठवलं. तिने आजवर लिहिलेलं काही इतकं फिरलं नव्हतं. बुद्धभूषणकडून एक शब्द आला नाही. 'बोलायला तोंड असेल तर बोलेल,' असं तिने मनाशी म्हटलं.

आबांपर्यंत हे पोचायला नको, एवढीच तिला काळजी होती. पण सोसायटीच्या ग्रुपवर गोष्टी लपत नाहीत. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी टाकलं, 'पिक्चरमधला हिरो डिट्टो आपल्या आबांसारखा!' आणि आबांनी बातमी जेवताना ताटावरच फोडली.

"उद्या सकाळच्या खेळाला जायचंय. खालच्या पोरानं तिकिटं काढून दिल्यात. तिगांची."

पूर्णिमाने हातातला घास ताटात ठेवला. "आबा, नका जाऊ. टुकार आहे एकदम."

"तुला टुकार वाटला. मला न वाटंल," आबा शांतपणे म्हणाले. "आपल्या भूषनचा हाय, बघाया नको?"

"मी न्हाई येत," सरूबाई एकदम म्हणाल्या. त्या आमटी वाढत होत्या. पळी तशीच पातेल्यात राहिली. "मला त्या अंधारात गुदमारतं."

"गुदमारलीस तर बाहेर आनू. चल गप."

सरूबाईंनी पळी उचलून पुन्हा आमटी वाढायला घेतली. पूर्णिमाला वाटलं, आईलाही आबांची काळजी वाटत असणार.

रविवारी थिएटर भरलेलं होतं. पूर्णिमा दोघांच्या मध्ये बसली. लिफ्टचा सीन आला तसं तिने पडद्याकडे न बघता आबांकडे बघितलं. लोक हसायला लागले. आबांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांच्या पोटातून जे हसू उसळलं ते सगळ्या थिएटरच्या वर गेलं.

"आगं, ह्यो मीच हाय!" त्यांनी पूर्णिमाच्या मांडीवर थाप मारली. मग मागे वळून मागच्या रांगेतल्या अनोळखी माणसांना सांगितलं, "मीच हाय ह्यो, बरं का! आमच्याकडंच ऱ्हायला हुता पोरगा."

मागची माणसं आधी चपापली, मग कौतुकाने हसली. वॉचमनच्या सीनला आबांनी वाक्य पडद्याच्या आधी म्हटलं आणि आजूबाजूच्या पाच-दहा जणांनी टाळ्या वाजवल्या. पूर्णिमा थक्क होऊन बघत राहिली. ज्या माणसाच्या अपमानाने दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नव्हतं, तो माणूस लग्नातल्या नवरदेवासारखा मिरवत होता. मध्यंतरात त्यांनी समोसा खाल्ला आणि चार जणांशी हात मिळवले. सरूबाई मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत जागेवरच बसून होत्या.

मग विहीर आली.

डंपर दिसले तसे आबा गप्प झाले. म्हातारा दोराला धरून खाली उतरायला लागला आणि पूर्णिमाला आपल्या मनगटावर त्यांची पकड जाणवली. ती इतकी घट्ट होती की तिने दचकून बघितलं. पडद्याचा निळा उजेड आबांच्या तोंडावर पडला होता. हसू तिथून कुणीतरी पुसून नेल्यासारखं गेलं होतं.

"ह्याला कुनी सांगितलं?" ते पुटपुटले.

"काय, आबा?"

"हिरीचं. हिरीचं ह्याला कुनी सांगितलं?"

पूर्णिमाला आधी शब्द कळले आणि अर्थ मागून आला. आला तेव्हा खुर्चीखालची जमीन सरकल्यासारखं वाटलं. तिने आईकडे बघितलं. सरूबाईंनी पदर तोंडावर दाबून धरला होता आणि डोळे मिटून घेतले होते.

पडद्यावर व्हायोलिनं सुरू झाली. म्हातारा दोर धरून वर यायला लागला. तेवढ्यात आबा उभे राहिले.

"ओ आजोबा, बसा की!" मागून कुणीतरी ओरडलं.

आबांना ते ऐकूच गेलं नाही. पडद्याकडे हात करून ते मोठ्याने म्हणाले, "आरं, ही कुठाय? हिला का न्हाई दाखवलं?" आणि त्यांचा दुसरा हात सरूबाईंकडे होता.

पूर्णिमाने त्यांच्या कमरेला हात घातला आणि तिघं अंधारातून वाट काढत बाहेर आले.

बाहेर सरकत्या जिन्यापाशी एक बाकडं होतं. तिथे दोघांना बसवून तिने पाणी आणलं. आबा प्यायले.

"आबा, तुम्ही खरंच विहिरीत उतरला होतात?"

"उतारलो हुतो."

"कधी? मी कुठे होते?"

उत्तर सरूबाईंनी दिलं. "तू खडकवासल्याला गेलीवती, कॉलेजातल्या पोरींसंगं. भूषन बी गावाकडं गेल्याला. रातच्याला आलीस तवा त्ये झोपलेलं. सर्दी झालीया म्हनून सांगितलं मी तुला."

पूर्णिमाला ती सहल आठवली. धरणाच्या भिंतीवर काढलेले फोटो आठवले, भाजलेली कणसं आठवली. आबांची सर्दी मात्र तिला काही केल्या आठवेना.

"मरायला न्हवतो गेलो," आबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "तसलं काय मनात आनू नगंस. माझ्या आज्यानं खांदल्याली हीर. म्हनलं, बुजायच्या आधी एकदा आंग वलं करून यावं. उतारलो. ग्वाड गार पानी. आन् मग वर यायचं मनच हुईना. काय झालं काय की. वरनं डंपरची मानसं हाका मारत्यात, मला समदं ऐकू येतंय, पन ज्याला हाका मारत्यात त्यो मी न्हाईच, आसं वाटाया लागलं. पाय गार पडलं. दीस कलला."

"मग?"

"मग काय. ही बसलीवती वर काठाला. सकाळपासनं. ती मानसं आली, गेली. ही हलली न्हाई. दीस मावळायला लागला तशी उठली आन् पायऱ्या उतराया लागली. हिला पव्हाया येत न्हाई. शेवाळल्याल्या पायऱ्या, खालच्या तर निम्म्या पडल्याल्या. म्या वराडलो, माघारी जा म्हनून. ही म्हनती, 'तुमी येत न्हाई तर मी येते.' आन् येतच ऱ्हायली. तवा म्या हाललो." आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "आन् त्यो म्हनतोय, म्हातारा आपला आपन वर आला! हात् तिच्या!"

जे वाक्य लोकांनी सगळ्यात जास्त उचलून धरलं होतं तेच पूर्णिमाच्या कानात वाजत होतं. तिच्या ओळखीचा एकही शेतकरी. आणि तो समोर बाकड्यावर बसला होता.

"भूषणला तू सांगितलंस, आई?"

सरूबाईंनी होकारार्थी मान हलवली. "दोन वर्सांमागं आला हुता न्हवं, तुमी दोघं घरी न्हवता. पिच्चर काढतो म्हनला, आबांवर. बोलता बोलता निघून गेलं त्वांडातनं. इतकी वर्सं कुनाला बोलले न्हवते. मग म्हनलं, हिरीचं घाल पायजे तर, पन मला नगं घालू. लोकं बघत्यात. आन् कुनी सांगितलं त्ये कुनाला कळू देऊ नगंस. शपथच घातली त्याला."

"मला नगं घालू!" आबा उसळले. "हिच्याबिगर त्यात ऱ्हायलंच काय?"

"तुमी ऱ्हायला की," सरूबाई म्हणाल्या. "दोरावर लोंबकळत."

आबांच्या तोंडावर रागाचं हसू कधी झालं ते त्यांनाही कळलं नसावं.

दुपारी घरी आल्यावर पूर्णिमाने गॅलरीत जाऊन बुद्धभूषणला फोन लावला. तो उचलेल असं तिला वाटलं नव्हतं. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"आबांनी बघितला," ती म्हणाली.

त्याने लगेच विचारलं, "विहिरीचं?"

"सगळं कळलं. भूषण, मी काय काय लिहिलं! तू एका ओळीत मला गप्प करू शकला असतास."

"काकूंची शपथ होती. आणि खरं सांगायचं तर मलाच वाटायला लागलं होतं की तू बरोबर बोलतेयस. खरी गोष्ट असून ती खोटी वाटली, म्हणजे मीच कुठेतरी माती खाल्ली ना? काकूंना वगळलं, तिथेच तो सीन मेला. शूटिंग करतानाच कळत होतं मला. म्हणून मग व्हायोलिनं ओतली."

"ती व्हायोलिनं भिकार आहेत. ते मी अजूनही म्हणते."

"आहेतच."

दोघंही हसले, फार नाही, पण हसले. "पण लिफ्ट, वॉचमन?" पूर्णिमाने विचारलं. "ते मला विचारून करायला काय झालं होतं? मी बसले होते रे तिथे. लोक हसत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"चुकलं," तो म्हणाला. "आबांना विचारायचा धीर झाला नाही. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि मला सिनेमा करायचाच होता. दुसरं कारण नाही माझ्याकडे."

एवढं सरळ उत्तर येईल असं तिला वाटलं नव्हतं. भांडायची सगळी तयारी वाया गेली. "मी लिहिलेलं काढून टाकते," ती म्हणाली.

"नको. तुला तसाच दिसला ना त्या दिवशी? मग राहू दे. आज दिसला तो वेगळा लिही."

"आज कसा दिसला ते मला अजून कळलेलं नाही. दोन दिवसांत मी तोच सिनेमा दोनदा बघितलाय आणि दोन्ही वेळा मला माझ्या आई-बापाबद्दल काही माहीत नव्हतं, एवढंच कळलंय."

ती आत आली तेव्हा सरूबाई पंख्याखाली बसून मेथी निवडत होत्या आणि आबा सोफ्यावर आडवे झाले होते. पूर्णिमा आईजवळ जमिनीवर बसली आणि तिनेही चार काड्या हातात घेतल्या.

"आई, तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत काठावर बसलीस. काय केलंस एवढा वेळ?"

"बोलत हुते."

"काय बोलत होतीस?"

"आता काय ध्यानात ऱ्हातंय व्हय? काय बी. म्हशीनं दूध कमी दिलं म्हनले. तुझ्या मामाच्या पोरीचं लोनीत जमतंय म्हनले. शेजारणीनं माझी पाटी नेली ती दिली न्हाई अजून, त्यावरनं तिच्या सात पिढ्या काढल्या." सरूबाईंनी निवडलेली पानं चाळणीत टाकली. "गप बसले असते तर ह्येंना वाटलं असतं मी बी गेले घरला. म्हनून त्वांड चालू ठिवलं. दुपारनं घसाच बसला, तवा मग नुसत्या बांगड्या वाजवल्या."

पूर्णिमाने आईच्या हातातल्या बांगड्यांकडे बघितलं.

"बांगड्या न्हाई," सोफ्यावरून आबांचा आवाज आला. आपण झोपलोय असं त्यांनी मघापासून दाखवलं होतं. "कळशी वाजवत हुतीस. दगडानं."

"बांगड्या हुत्या."

"कळशी. खाली मी हुतो का तू?"

"बरं, कळशी," सरूबाई म्हणाल्या आणि पूर्णिमाकडे बघून, मान हलवून, ओठ न हलवता त्यांनी सांगितलं की बांगड्याच होत्या.